मांडीवरची गिटार

हवाई बेटांपैकी ओआहू बेटावरची गोष्ट. एक शाळकरी मुलगा रेल्वेच्या रुळांच्या कडेने गिटार वाजवत चालला होता. वाटेत त्याला एक गंजलेला बोल्ट दिसला. त्याने तो उचलला, तारेला टेकवला आणि सहज पुढे सरकवला. सूर तुटला नाही, एका जागेवरून दुसऱ्या जागी वाहत गेला. मुलाचं नाव जोसेफ केकुकू, जन्म १८७४ चा. पुढे शाळेच्या यंत्रशाळेत त्याने बोल्टाऐवजी गुळगुळीत पोलादी कांडी बनवून घेतली, तारा पट्टीपासून वर उचलल्या, आणि छातीशी धरायची गिटार मांडीवर आडवी घेतली.

माझा मामा ही गोष्ट सांगतो तेव्हा तो मुलगा गिरगावातलाच वाटतो. कांडी बनवून घेण्याचा भाग मामा सावकाश सांगतो, कारण ते त्याने स्वतः केलेलं आहे. परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये तो कामाला होता. लेथवर बसणाऱ्या एका सोबत्याने त्याला पोलादाची कांडी काढून दिली, बोटभर जाड, एका टोकाला गोल, आणि आरशासारखी घासलेली. ती कांडी आजही त्याच्याकडे आहे. विकत घेतलेल्या दोन-तीन कांड्या पेटीत पडून असतात. मामाच्या मते वजन चुकलं की सूर पातळ होतो, आणि त्या सगळ्यांचं वजन चुकलेलं आहे.

मग येते दुसरी गोष्ट. ही सांगताना मामाचा आवाज चढतो. केकुकूच्या आधी होनोलुलूमध्ये गॅब्रिएल डेव्हियन नावाचा एक तरुण होता. जन्म भारतातला. लहानपणी एका जहाजाच्या कप्तानाने त्याला पळवून नेलं आणि तो हवाईला पोचला. तारेवर एखादी वस्तू सरकवून वाजवताना लोकांनी पहिल्यांदा पाहिलं ते त्याला. ही हकिकत हवाईच्याच एका जुन्या संगीतकाराने, चार्ल्स किंग यांनी, नोंदवलेली आहे. इतिहासाचे अभ्यासक तिला दंतकथेच्या फळीवरच ठेवतात, आणि ते योग्यही आहे. मामाला मात्र पुरावा नको असतो. तो म्हणतो, ‘‘अरे, आपल्याकडे विचित्र वीणेवर काचेचा बट्टा फिरवतात. दक्षिणेत गोट्टुवाद्यमवर लाकडाचा तुकडा फिरवतात. ज्याने हे लहानपणी ऐकलंय त्याला गिटार हातात आल्यावर आणखी काय सुचणार?’’ डेव्हियनने ते लहानपणी ऐकलं होतं का, हे सांगायला आता कोणी नाही. पण तारेवर काहीतरी सरकवून गळ्यासारखा सूर काढायची ओढ आपल्याकडे आधीपासून होती, एवढं मामाचं म्हणणं कुणालाही खोडता येणार नाही.

हवाईतून ही गिटार जगभर गेली. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर अमेरिकेत तिचं वेडच लागलं, आणि बोटींबरोबर ती आशियाच्या बंदरांत उतरली. आपल्याकडे तिचं मोठं घर कलकत्ता. मूळचा सामोआचा टाऊ मो हा वादक आपल्या कुटुंबासह दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कलकत्त्यात राहिला, वाजवत राहिला, शिकवत राहिला. गार्नी निस यांचा ‘अलोहा बॉइज’ हा संच तिथलाच. पुढे बंगालच्या मध्यमवर्गीय घरांत रवींद्रसंगीत हवाईयन गिटारवर वाजू लागलं. मुंबईत तिची वाट वेगळी होती. इथे ती सिनेमातून आणि रेडिओतून आली.

मामाचा जन्म १९४१ चा. आजोबा कोकणातून येऊन गिरगावातल्या चाळीत स्थिरावलेले. गिरणीच्या कचेरीत नोकरी, आणि संध्याकाळी भजनी मंडळात पेटी. घरात सूर होते ते पेटीचे. आजोबांची पेटी दादरच्या हरिभाऊ विश्वनाथांकडची. दर एकादशीला तिच्यावरचं कापड बदललं जाई आणि पोरांनी भात्याला हात लावलेला चालत नसे. अशा घरात मामाला गिटार ऐकू आली ती शेजारच्या बिऱ्हाडातल्या रेडिओवर.

त्या रेडिओमागेही एक मराठी माणूस आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ साली माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. केसकर अभिजात संगीताचे खरे चाहते. त्यांच्यामुळे कितीतरी गवयांना रेडिओचा आधार मिळाला. पण गाण्यासाठी आसुसलेला देश काटा फिरवून रेडिओ सिलोनवर गेला. तिथे दोन कार्यक्रमांच्या मध्ये मिनिट-दोन मिनिटांची फट उरली की सिनेमाच्या गाण्याची नुसती वाजवलेली धून लावत. कधी व्हॅन शिपले यांची गिटार, कधी हजारासिंग यांची, कधी पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांचा अकॉर्डियन. निवेदक बोलू लागला की धून मध्येच बुडायची. मामा गिटार शिकला तो या फटींमध्ये. पूर्ण धून त्याला क्वचितच ऐकायला मिळाली. तुटल्यानंतरचा भाग त्याने स्वतः रचला, आणि त्याच्या बोटांना रचायची सवय लागली ती तिथून.

व्हॅन शिपले मूळचे लखनौचे. व्हायोलिनही तितक्याच सफाईने वाजवायचे. मुंबईत आले, सिनेमाच्या वाद्यवृंदात बसले, गायकांबरोबर दौरे केले. विजेवरची हवाईयन गिटार या शहराच्या कानांत बसली ती मोठ्या प्रमाणात त्यांच्यामुळे. सहा तारा पुरेनात म्हणून त्यांनी स्वतःच्या मनाप्रमाणे आठ तारांची गिटार बनवून घेतली. २००८ मध्ये मुंबईतच ते गेले. लाखो लोकांनी त्यांची गिटार ऐकली असेल, पण ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांना वाजवणाऱ्याचं नाव ठाऊक नव्हतं. गाणं लता मंगेशकरांचं किंवा मुकेशचं, आणि वाजवतंय कोणीतरी. मामाने मात्र त्यांच्या तव्यांवरची नावं वहीत उतरवून ठेवली होती.

गिटार घरात आली त्या दिवसाची गोष्ट आईकडून ऐकलेली आहे. मामा धोबीतलावला एका गोवेकर मास्तरांकडे जायला लागला होता. गोव्याहून बोटीवर आणि बँडमध्ये कामाला येणाऱ्यांचे कूड, म्हणजे मुक्कामाच्या जागा, त्या भागात होते, फुर्तादोंचं वाद्यांचं दुकान तिथेच. वाद्यं पाहायला पैसे पडत नसत. मास्तरांनी मामाला कलकत्त्याच्या बनावटीची एक जुनी गिटार हप्त्याने दिली. ती घेऊन मामा जिना चढला तेव्हा आजोबा पेटी लावून बसले होते. त्यांनी भाता थांबवला.

‘‘पेटीला परदेशी म्हणून रेडिओने हाकललं,’’ ते म्हणाले, ‘‘आणि तू ही दुसरी परदेशी घरात आणतोस?’’

आजोबांची ती जखम खरी होती. १९४० साली रेडिओने पेटीवर बंदी घातली. तिच्या पट्ट्यांचे सूर ठरलेले, त्यांच्यामधल्या श्रुती तिला दाखवता येत नाहीत, एका सुरावरून दुसऱ्यावर मींड घेता येत नाही, असे आक्षेप होते. रवींद्रनाथांनीही तिच्याविरुद्ध लिहिलं होतं. १९७० च्या दशकात ती बंदी सैल झाली. या तीस-पस्तीस वर्षांत महाराष्ट्रातल्या पेटीवाल्यांनी रेडिओकेंद्राच्या दाराशी केवढा अपमान गिळला असेल! पेटीवादक गोविंदराव टेंब्यांच्या प्रांतात, जिथे नाटकाचं पद पेटीवाचून उभं राहत नाही, तिथे पेटीवाल्याला सांगायचं की तुझं वाद्य आपल्या संगीताचं नव्हे.

मला या दोन वाद्यांचा विचार एकत्रच करावासा वाटतो, आणि तो घरच्या भांडणापुरता नाही. दोन्ही बाहेरून आलेली. पेटीला आपल्या गायकीने जशी होती तशी स्वीकारलं आणि तिची उणीव वादकाच्या बोटांनी, भात्याच्या दाबाने, कणस्वरांच्या आभासाने झाकली. गिटारचं उलट झालं. छातीशी धरलेल्या गिटारलाही पडदे होतेच, म्हणजे पेटीसारखेच ठरलेले सूर. पण ती मांडीवर आली, तारा उचलल्या गेल्या, कांडी आली आणि पडदे नुसते दाखवायला उरले. सतारीवर तार ओढून मींड घेता येते, पण ओढायला मर्यादा असते. पाचेक सुरांपुढे तार जात नाही. कांडीला असा अडसर नाही. मंद्र षड्जापासून निघून मध्य सप्तकाच्या वरच्या टोकापर्यंत एका श्वासात जाता येतं. जे पेटीला नाही म्हणून तिला बाहेर काढलं, ते या परक्या वाद्याजवळ भरपूर होतं.

दुसऱ्या बाजूने गिटारची अडचणही मोठी. सतारियाला निदान दोन बोटं, इथे एकच कांडी. प्रत्येक सुरासाठी तिला जागेवर जावं लागतं, त्यामुळे जलद तान घेताना सूर एकमेकांत चिकटतात. कांडीच्या मागच्या तारेचा झणका हाताच्या कडेने दाबून ठेवावा लागतो, नाहीतर प्रत्येक सुरामागे कचरा येतो. आणि पडद्यांचा आधार नसल्याने केसभर चुकलं तरी सूर चुकला. मामा नव्या विद्यार्थ्याला पहिले काही महिने एकच तार देतो, आणि तिच्यावर फक्त भूप. पाच सूर. पाच जागा डोळे मिटून सापडल्या पाहिजेत.

आजोबांचा रुसवा उतरला तो गणपतीत. चाळीच्या मंडपात मामाने ‘मानापमान’मधलं एक पद वाजवायचं ठरवलं. १९११ चं नाटक, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, म्हणजे आजोबांच्या देवाच्या. त्या काळी हवाईयन गिटारवर सिनेमाची गाणी वाजत, नाट्यपद कोणी वाजवत नसे. मामाला पदाचा पहिला आलाप बसवायला सबंध पावसाळा लागला. बालगंधर्वांच्या तव्यावर तो आलाप जसा लवतो तसाच त्याला लववायचा होता. गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष बसत. ती सारंगी आजोबांनी प्रत्यक्ष ऐकलेली. मंडपात ते मागे, खांबाला टेकून उभे होते. पद संपल्यावर पुढे आले आणि एवढंच म्हणाले, ‘‘गळा आहे याला.’’ दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पेटी काढली आणि मामाला म्हणाले, ‘‘बस, मी धरतो.’’ त्यानंतर आजोबांची पेटी आणि मामाची गिटार हा आमच्या चाळीचा ठरलेला कार्यक्रम झाला. मींड गिटारने घ्यायची, आणि ती कुठे पोचली ते पेटीने सांगायचं.

मामाच्या आयुष्याचे तो स्वतः दोन भाग करतो, १९६७ च्या आधीचा आणि नंतरचा. त्या वर्षी एचएमव्हीने ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका काढली. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका धनगराचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस, रागांमधून सांगितलेला: अहीरभैरव, नटभैरव, पिलू, भूप, देस, पहाडी. शिवकुमार शर्मा संतूरवर, हरिप्रसाद चौरसिया बासरीवर, ब्रिजभूषण काब्रा गिटारवर, आणि तबल्याला आपले माणिकराव पोपटकर. तिघेही मुख्य वादक तिशीच्या आसपास. निर्मिती जी. एन. जोशी यांची. जोशी म्हणजे मराठी भावगीताच्या पहिल्या पिढीतले गायक, पुढे एचएमव्हीत अधिकारी. त्यांनी मोठमोठ्या गवयांना मुद्रणासाठी राजी केलं, त्या हकिकती ‘स्वरगंगेच्या तीरी’मध्ये आहेत. पण मला त्यांचं सर्वांत धाडसी काम हे वाटतं. संतूर हे काश्मीरचं लोकवाद्य, त्याला मींड नाही म्हणून जाणकार नाक मुरडत. बासरीला पन्नालाल घोषांनी नुकतीच मैफलीत जागा मिळवून दिलेली. आणि गिटार तर सिनेमाची. तिन्ही वाद्यांच्या मागे पिढ्यांचं घराणं उभं नव्हतं. ज्या माणसाच्या हाताखालून खानदानी गायकीचे एवढे तवे गेले, त्याने या तिघांना एकत्र बसवलं.

मामाने ती ध्वनिमुद्रिका काळ्या घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये ऐकली. तिथे घेण्याआधी ऐकायची सोय होती. घेण्याइतके पैसे नव्हते, ऐकण्याइतका वेळ होता. ‘‘अहीरभैरवातला कोमल रिषभ,’’ मामा म्हणतो आणि बोलता बोलता हवेत कांडी धरतो, ‘‘नुसता लावला नाही रे, डोलवला. तेव्हा कळलं की मी इतकी वर्षं गाणी वाजवत होतो आणि या माणसाने गिटारला राग शिकवला.’’

काब्रा जोधपूरचे. शिक्षण भूगर्भशास्त्राचं. वडील सतारीचे जाणकार, भाऊ दामोदरलाल सरोद वाजवणारे. अशा घरात या मुलाने गिटार हवी म्हटल्यावर वडिलांनी अट घातली की तिच्यावर वाजवायचं तर शास्त्रीय संगीतच. आपल्याकडे वडिलांच्या अटींनी अनेकांची वाद्यं सुटली. या अटीने मात्र एक वाद्य घडलं. काब्रा अली अकबर खाँसाहेबांकडे शिकले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. सरोदला पडदे नसतात, पोलादी पट्टीवरून बोट घसरतं. म्हणजे गिटारला गुरू मिळाला तो घसरत्या सुराच्याच घराण्यातला. काब्रांनी चिकारीच्या तारा जोडल्या, तारांची जुळवणी बदलली. पण त्यांचा खरा प्रयोग संयमाचा होता. जे वाद्य हवं तितकं लांबवर घसरू शकतं, त्याला रागाला हवं तेवढंच घसरू देणं. शिपलेंनी गिटार घराघरांत नेली, काब्रांनी तिला तानपुऱ्याशेजारी बसवलं. शिवकुमार आणि हरिप्रसाद मुंबईत राहिले आणि त्यांची नावं सगळ्यांच्या ओठी आली. काब्रा अहमदाबादेत शिकवत राहिले. २०१८ साली ते गेले तेव्हा वर्तमानपत्रांनी दिलेली जागा पाहून मामा दिवसभर अस्वस्थ होता. ती अस्वस्थता मलाही खरी वाटते. त्या ध्वनिमुद्रिकेतली तीन नावं घेताना आजही तिसऱ्या नावाशी लोक अडखळतात.

त्याच १९६७ मध्ये मुंबईत जन्मलेला, मूळ गोव्याचा एक गिटारवादक लंडनला निघून गेला. अमान्सिओ डिसिल्वा. त्यांची गिटार मांडीवरची नव्हे, छातीशी धरलेली, जाझची. लंडनमध्ये १९६९ साली त्यांनी जमैकात जन्मलेल्या जो हॅरियट या सॅक्सोफोनवादकाबरोबर ‘हम दोनो’ ही ध्वनिमुद्रिका केली. पुढे ‘कोकण डान्स’ केली, पण ती त्यांच्या हयातीत निघालीच नाही. ते १९९६ मध्ये गेले, ध्वनिमुद्रिका २००६ मध्ये बाहेर आली. मामाच्या मास्तरांच्या तोंडी त्यांचं नाव असे. मी मामाला ती ध्वनिमुद्रिका ऐकवली तेव्हा तो बराच वेळ नुसता मान हलवत राहिला, मग म्हणाला, ‘‘याचा हात मांडोवर वाढलाय.’’ डिसिल्वांचा हात कशावर वाढला होता याचा माझ्याजवळ दाखला नाही. पण धोबीतलावच्या जिन्यांमध्ये मांडो ही गोव्याची गाणी ऐकत गिटार शिकलेल्या माणसाचा हा कान आहे, आणि मी तो मानते.

जयपूरचे विश्वमोहन भट्ट, त्यांची गिटारवरून घडवलेली तरफांची मोहनवीणा, अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांच्याबरोबरच्या ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ला १९९४ मध्ये मिळालेलं ग्रॅमी, हे सगळं सर्वांना माहीत आहे. त्या बातमीचा गिरगावातला परिणाम असा की मामाकडे एकाएकी विद्यार्थी आले. त्यांतले बरेच महिन्याभरात गेले. भूपाची एक तार त्यांना सोसली नाही. जे राहिले त्यांनीच या वर्षी दादरला त्याचा सत्कार केला.

साठ वर्षांहून जास्त काळ एका माणसाने शहराच्या एका भागात गिटार वाजवली. मंडपांत, लग्नांत, ऑर्केस्ट्रात, भजनी मंडळाच्या वर्धापनदिनी. एकही ध्वनिमुद्रिका नाही. सत्काराच्या भाषणांत वक्ते ‘प्रसिद्धीपासून दूर’ वगैरे म्हणाले. मामाला ते आवडलं नाही. त्याची प्रसिद्धी होतीच, ठाकुरद्वारापासून लालबागपर्यंत. आपल्या संगीताचे इतिहास मैफलींच्या आणि पुरस्कारांच्या आधारे लिहिले जातात. पण या शहराला गिटार ऐकायची सवय लावली ती अशा लोकांनी, ज्यांनी चाळीच्या गच्चीवर काब्रांचा अहीरभैरव आपल्या कुवतीप्रमाणे वाजवून दाखवला. त्यांच्या गोष्टी आज लिहून घेतल्या नाहीत तर उद्या विचारायला कोणी असणार नाही. मी मामाच्या वहीची पानं उतरवून काढायला घेतली आहेत. तव्यांचे क्रमांक, वाजवणाऱ्यांची नावं, कुठल्या मंडळात कुठली धून, आणि समासात जागोजागी आजोबांच्या अक्षरात सुरांच्या दुरुस्त्या.

सत्कारात उत्तरादाखल बोलायला सांगितलं तेव्हा मामाने कांडी लेथवर काढून देणाऱ्या सोबत्याचं नाव पहिलं घेतलं, मास्तरांचं दुसरं, आजोबांचं तिसरं. मग बसून वाजवायला घेतलं, पण पदापाशी अडला, कारण चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्याने गिटारमध्ये नवी उठाठेव करून ठेवली आहे. काब्रांसारख्या चिकारीच्या दोन तारा त्याला आपल्या जुन्या कलकत्त्याच्या गिटारला जोडायच्या होत्या. वाद्यांचा कारागीर परवडेना म्हणून सुताराकडून बाजूला भोकं पाडून खुंट्या बसवल्या. त्यातली एक खुंटी सरकते. सभागृहात तार उतरली, त्याने ती चढवली, पुन्हा उतरली. विद्यार्थी अस्वस्थ झाले. मामाने शांतपणे खिशातून खडू काढला, खुंटीला चोळला आणि समोरच्यांना समजावू लागला की शिसवी खुंटी सागवानात नीट का बसत नाही. गेल्या रविवारी मी गेले तेव्हा सुतार घरीच आला होता आणि दोघांचा वाद भोकाच्या उतारावर चालला होता. सुताराचं म्हणणं उतार बरोबर आहे, खुंटीच चुकीची. मामा दुसरी खुंटी बनवून आणायला त्याच्याच बरोबर निघाला.